नशिबाच्या यंत्राच्या पोटात

खर्रर्रर्र... ठक्! ठक्! ठक्!

कसला आवाज हा? जुन्या स्लॉट मशीनचा. नाणं टाकायचं, बाजूचा जाडजूड दांडा ओढायचा, की खिडकीतली तीन चाकं गरगरतात आणि डावीकडून एकेक करत थांबतात. चित्रं जुळली, की खालच्या वाटीत खळखळ नाणी पडतात. नाही जुळली, तर आपलं नाणं गेलं! जुगाराचं यंत्रच ते. पण आपल्याला आज खेळायचं नाहीये. आपण त्याचं मागचं दार उघडून आत डोकावणार आहोत. अमेरिकेत कितीतरी हौशी माणसांचा हा छंदच आहे. ऐंशी-नव्वद वर्षांची, गंजून अडकलेली यंत्रं ते घरी आणतात, सुटी करतात, घासतात-पुसतात आणि पुन्हा चालती करतात.

दार उघडलं, की पहिलं आश्चर्य समोर येतं. आत एकसुद्धा वायर नाही! वीज नाही, बॅटरी नाही. नुसत्या स्प्रिंगा, तरफा आणि दातेरी चाकं.

ही तीन चाकांची कल्पना चार्ल्स फे यांची. जर्मनीतल्या बव्हेरियात जन्मलेले हे कारागीर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला येऊन राहिले. तिथल्या आपल्या छोट्या कारखान्यात त्यांनी १८९०च्या दशकात ‘लिबर्टी बेल’ नावाचं यंत्र बनवलं. चाकांवर घोड्याची नाल, पत्त्यांतले बदाम-इस्पिक आणि एक घंटा अशी चित्रं होती. तीन घंटा आल्या की सगळ्यात मोठं बक्षीस, म्हणजे पाच सेंटची दहा नाणी. पुढे कायद्याला बगल द्यायला काही यंत्रं पैशांऐवजी च्युइंगम देऊ लागली, आणि चाकांवर चेरी, संत्री, आलुबुखार आले. ती फळं आजतागायत टिकून आहेत.

आता यंत्र चालतं कसं ते पाहू. नाणं नसेल तर दांडा हलतच नाही, कारण एक खिट्टी त्याला अडवून धरते. योग्य जाडीचं, योग्य आकाराचं नाणं खाचेत बसलं, की अडथळा दूर होतो. दांडा खाली ओढताना तुमच्याच हाताचा जोर स्प्रिंगांमध्ये साठतो. दांडा तळाला पोचला, की स्प्रिंगा सुटतात आणि तिन्ही चाकांना एकदम फटका बसतो. चाकं सुसाट!

मग ती थांबवतं कोण? इथे मला या यंत्राचा सगळ्यात आवडता भाग भेटतो. आत एक छोटंसं घड्याळ असतं. त्याला काटे नसतात, तबकडी नसते. दातेरी चाकांची एक साखळी आणि टोकाला भिंगरीसारखा फिरणारा चिमुकला पंखा, एवढंच. पंख्याच्या पात्यांना हवा अडवते, म्हणून स्प्रिंगेला एकदम मोकळं होता येत नाही, सावकाश सुटावं लागतं. तेवढ्या वेळात एकेक खिट्टी पडते आणि एकेक चाक अडकतं. ते ठक्-ठक्-ठक् म्हणजे या तीन खिट्ट्या.

पण चित्रं जुळली हे यंत्राला कळतं कसं? त्याला डोळे थोडेच आहेत! प्रत्येक चाकाला एक धातूची चकती जोडलेली असते आणि तिच्यात ठरावीक जागी भोकं असतात. चाकं थांबली, की लोखंडी बोटं पुढे येऊन ती भोकं चाचपतात. हवी ती भोकं बोटांना सापडली, तरच नाण्यांच्या नळीखालची पट्टी सरकते आणि मोजकी नाणी खाली पडतात.

आता वही काढा. फे यांच्या यंत्रात दर चाकावर थांबायच्या १० जागा होत्या. १० × १० × १० म्हणजे १००० जोड्या. प्रत्येक चाकावर घंटा एकदाच असेल, तर हजार वेळा दांडा ओढल्यावर सरासरी एकदा तीन घंटा! नंतरच्या यंत्रांत जागा २० झाल्या. मग जोड्या किती? ८०००. छोटी बक्षिसं मिळत राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपलं नशीब जोरात आहे. पण एकूण किती नाणी आत राहणार आणि किती बाहेर पडणार, हे कारखान्यात चकतीला भोकं पाडतानाच ठरलेलं असतं. जिंकतो तो यंत्राचा मालक.

एकदा मात्र खेळणाऱ्यांनी यंत्राला गाठलं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस नेवाडा राज्यात काही जणांच्या लक्षात आलं, की तो पंखा फारच नेमाने फिरतो. मग नेमकी वेळ साधून, ठरावीक लयीत दांडा ओढला, तर चाकं कुठे थांबतील याचा अंदाज बांधता येतो! कंपन्यांची धावपळ उडाली. घड्याळात मुद्दाम गडबड करणारा एक जादा भाग बसवावा लागला. विचार करा, यंत्र हरलं ते बिघडलं म्हणून नाही, फार चांगलं चाललं म्हणून.

हौशी माणसं घरी आणतात त्या अडकलेल्या यंत्राचं बहुतेक वेळा काय बिघडलेलं असतं? तेल! वर्षानुवर्षं घातलेलं तेल धुळीत मिसळून डिंकासारखं चिकट होतं आणि चाकं धरून बसतं. म्हणून जाणकार अडकलेला दांडा जोर लावून कधीच ओढत नाहीत, काहीतरी मोडतं. ताणलेली स्प्रिंग तर बोट फोडू शकते. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत, मग ब्रशने धुलाई. नवं तेल अगदी थेंबभर, तेही फक्त फिरत्या टोकांना. आणि गंमत बघा, अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याचा आकार गेली शंभराहून अधिक वर्षं बदललेला नाही. त्यामुळे १९३०च्या दशकातलं यंत्र दुरुस्त झालं, की आजचं नाणंसुद्धा मुकाट्याने घेतं.

ही यंत्रं आता कमी का उरली, त्यालाही कारण आहे. १९३४ साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी जप्त केलेल्या यंत्रांवर स्वतः घण घातले, आणि ती पाण्यात बुडवून टाकली. जुगाराने घरं बुडत होती, त्यामुळे त्यांचा राग खराच होता. तरी त्या चिमुकल्या पंख्यांसाठी मला वाईट वाटतं.

आजच्या कॅसिनोंतली यंत्रं संगणकावर चालतात. बहुतेकांत चित्रं पडद्यावर फिरतात, निकाल आतली चिप ठरवते, आणि दार उघडूनही काही दिसत नाही. जुन्या यंत्रात मात्र सगळं उघड्यावर आहे. पाहत बसा, कळत जातं.

तुमच्या घरी बंद पडलेलं चावीचं गजराचं घड्याळ असेल, तर मोठ्या माणसांना विचारून, त्यांना शेजारी बसवून, ते उघडून बघा. स्प्रिंग पूर्ण उतरलेली आहे ना, याची आधी खात्री करा. आणि पहिला स्क्रू काढण्याआधी फोटो काढायला विसरू नका!