वेल्डिंगचे बळ सांध्याच्या तयारीत

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर आज पवनचक्क्यांचे उंच पोलादी मनोरे दिसतात. जाड पत्रे गोलाकार वळवून त्यांची नळकांडी केली जातात व ती वेल्डिंगने एकमेकांस जोडली जातात. मनोऱ्याचे आयुष्य किमान 20 वर्षे धरलेले असते; तेवढ्या काळात वारा त्यास कोट्यवधी हेलकावे देतो.

भारतीय मानकातील ‘ई 250’ जातीचे पोलाद कायमचे न ताणता दर चौरस मिलिमीटरला सुमारे 250 न्यूटन ताण सोसते, तर ‘ई 350’ सुमारे 350 न्यूटन. बळकट पोलादामुळे पत्रा पातळ चालतो व वजन वाचते. परंतु हेलकाव्यांपुढे वेल्डिंगचा सांधा त्या प्रमाणात अधिक टिकाऊ होत नाही. तडा सांध्यातील बारीकशा दोषापासूनच सुरू होतो. म्हणून वेल्डिंगपूर्वीच्या तयारीस विशेष महत्त्व आहे.

जाड पत्र्यांच्या कडा तिरप्या कापून त्यांच्यामध्ये खाच ठेवतात. एका बाजूने भरावयाच्या खाचेचा कोन बहुधा 60 अंशांच्या आसपास व तळाशी 2 ते 3 मिलिमीटर फट असते. खाच फार अरुंद झाल्यास वितळलेला धातू तळापर्यंत पोहोचत नाही. वरून शिवण सुबक दिसते, आत मात्र पोकळी राहते. खाच फार रुंद झाल्यास अधिक धातू भरावा लागतो, उष्णता वाढते व पत्रे वाकतात. कडा वरखाली राहिल्यास ताण एका जागी एकवटतो.

स्वच्छतेचेही तसेच आहे. गंज, तेल व ओलावा यांतून हायड्रोजन वायू सांध्यात शिरतो. उच्च ताणबलाचे पोलाद झपाट्याने निवल्यास कठीण व ठिसूळ बनते आणि या वायूमुळे कधी कधी दोन दिवसांनीही तडकते. यास्तव कडा घासून स्वच्छ करणे, वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या ठेवणे व जरुरीप्रमाणे पत्रा आधी तापविणे आवश्यक ठरते. अंतिम तपासणीही अनेकदा 48 तासांनंतरच करतात.

हे तत्त्व गावातील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस व पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्यासही लागू आहे. शिवण भरल्यावर आतील दोष नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. म्हणून पंचायत सदस्यांनी काम ताब्यात घेतानाच नव्हे, तर वेल्डिंग सुरू होण्यापूर्वीही जाणकाराकडून सांधे तपासून घेणे हिताचे होय.