विश्लेषण : मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा परदेशात जातो तेव्हा…

गिरगाव, लालबागमध्ये ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आठवतो गणेशोत्सवातला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम. पण नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’त वेगळाच ऑर्केस्ट्रा आहे. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट घेऊन तो युरोपात मैफली करून आला आहे. त्याच्या दौऱ्यांची ही गोष्ट.

हा ऑर्केस्ट्रा कोणाचा?

‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ची स्थापना २००६ मध्ये झाली. ‘एनसीपीए’चे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह हे त्याचे संस्थापक.

याआधी मुंबईत असे प्रयत्न झाले का?

झाले. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी रागांवर आधारित सिम्फनी संगीतासाठी वादकांचा मोठा ताफा जमवला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी गोन्साल्विस हे नाव याच गुरूंवरून आलं. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.

दौरे कुठे झाले?

मॉस्को, मस्कत, अबू धाबी, मग २०१६ मध्ये स्वित्झर्लंड. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिला ब्रिटन दौरा झाला. त्यात लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा या शहरांत कार्यक्रम झाले. डिसेंबर २०२३ मध्ये ऑर्केस्ट्रा पुन्हा ब्रिटनला गेला.

तिथे वेगळं काय वाजवलं?

बीथोव्हन तिथे सगळेच वाजवतात. मुंबईचं वेगळेपण होता तबला. माहीममध्ये वाढलेले उस्ताद झाकीर हुसेन यांनी या ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ हा तबला कॉन्चर्टो रचला. २०१५ मध्ये तो प्रथम मुंबईत सादर झाला आणि मग स्वित्झर्लंड, ब्रिटनला गेला. २०२३ च्या दौऱ्यात तबल्यासोबत राकेश चौरसिया यांची बासरी आणि निलाद्री कुमार यांची सतारही होती.

यात अडचण काय असते?

तबलजी समेवर येईपर्यंत ऐनवेळी सुचेल ते वाजवू शकतो. ऑर्केस्ट्रातले वादक मात्र समोरच्या कागदावरचंच वाजवतात. तबलजी लांबला तर सगळ्यांनी एकत्र कधी यायचं? पाश्चात्त्य कॉन्चर्टोतच यावर सोय आहे : ‘कॅडेन्झा’. तेवढा वेळ एकटा कलाकार वाजवतो, बाकीचे थांबतात. ठरलेली खूण आली की कंडक्टर हात उचलतो. आपल्याकडे तिहाई संपताना सगळे समेवर येतात, तसंच.

मग टीका कशावर होते?

नाव ‘ऑफ इंडिया’, पण मोठ्या मैफलींत बरेचसे वादक परदेशी. आक्षेप खरा आहे. पण व्हायोलिनवादक घडायला लहानपणापासून दहा-पंधरा वर्षं शिस्तीची तालीम लागते आणि असं शिक्षण आपल्याकडे फारच कमी ठिकाणी मिळतं. म्हणूनच २०१२ मध्ये ‘एनसीपीए’त मुलांसाठी ऑर्केस्ट्राची संगीत अकादमी सुरू झाली.

पुढे काय?

ब्रिटनच्या त्या दौऱ्यानंतर वर्षभराने, १५ डिसेंबर २०२४ रोजी, झाकीरभाई गेले. त्यांच्या रचना कागदावर आहेत, त्या दुसरा तबलजी वाजवू शकेल. कॅडेन्झातली मोकळी जागा मात्र त्याला स्वतःच भरावी लागेल. आणि पुढच्या दौऱ्यांत त्याच्या मागे बसलेल्या वादकांत मुंबईची मुलं किती असतील, यावर ‘ऑफ इंडिया’ हे नाव किती खरं ठरतं ते कळेल.