दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली?

२०२३ च्या जूनमध्ये मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, ओहायोला गेले होते. मेहुण्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मदतीला. घराभोवती एकरभर गवत. ते फार वाढलं की तिथल्या गावाकडून नोटीस येते, दंडही होऊ शकतो. म्हणून गवत कापायला बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर. दिसायला जत्रेतल्या खेळण्यासारखा, पण पोटाखाली धारदार पाती आणि पुढे पेट्रोलचं इंजिन!

ऑइल कमी पडून त्याचं इंजिन जाम झालं होतं. शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीनं नवं बसवून दिलं. सुरू झालं, दिवेही लागले. सगळे खूष. पण दोन-तीनदा गवत कापलं की सेल्फ लागेना. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. बहिणीनं नवी आणली. पंधरा दिवसांत तीही बसली. आधीच दवाखान्याचा खर्च, त्यात हा भुर्दंड. मेहुणे पडल्या पडल्या स्वतःवरच चिडायचे.

एका सकाळी बहीण म्हणाली, "ताई, आपणच बघू या का? लहानपणापासून 'वायरला हात लावू नकोस' एवढंच ऐकत आले." मेहुणे खुर्चीत बसून सांगायचे, आम्ही दोघी करायचो. पहिली ताकीद, आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

मग त्यांनी समजावलं. इंजिनच्या फिरत्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, आतून लोहचुंबक असतात. त्याखाली तांब्याच्या तारेची वेटोळी. चाक फिरलं की वेटोळ्यात वीज तयार होते. पण ती घरातल्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी, एसी. बॅटरीला एकाच दिशेनं वाहणारी, डीसी वीज लागते. म्हणून मध्ये डायोड असतो. दुधाच्या गाळणीतून साय मागे राहते ना, तसा तो उलट्या दिशेची वीज अडवतो.

जुन्या इंजिनातून दोन तारा निघत होत्या. डायोडची तार बॅटरीला, दुसरी थेट दिव्यांना. नव्यातून एकच निघत होती. हात फिरवला तर तिच्या नळीत फुगीर गाठ लागली. तोच डायोड! म्हणजे ही तार बॅटरीसाठी. पण ती जोडली होती दिव्यांना, आणि बॅटरीकडे जाणारी तार चिकटपट्टी गुंडाळून तशीच लोंबत होती. दिवे लागत होते म्हणून चार्जिंग होतंय, असं सगळे धरून चालले होते. प्लग जुळला नाही आणि कोणी कागद उघडला नाही.

आम्ही तार बदलली. एक बारीक तार मात्र मेहुण्यांनी दोनदा दाखवली. ती इंजिन बंद करण्याची. तिला चुकून बॅटरीची वीज दिली तर ठिणगी पाडणारी कॉइल जळते. ती जागची हलवली नाही.

मग निगेटिव्ह परत लावून मल्टीमीटर धरला. बंद इंजिनावर १२.३ व्होल्ट. इंजिन सुरू करून वेग वाढवला तसा आकडा चढत १३ च्या वर गेला. बहिणीनं टाळ्या वाजवल्या. मेहुणे बऱ्याच दिवसांनी हसले. एवढंच, की एका तारेवर दिवे आणि बॅटरी दोन्ही भागणार नाहीत. म्हणून गवत दिवसाउजेडीच कापायचं ठरलं.

मैत्रिणींनो, हे तिकडचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या स्कूटीतही हीच वेटोळी, हेच काम. परत आल्यावर माझ्या गाडीचा सेल्फ लागेना. गॅरेजवाला लगेच म्हणाला, "काकू, बॅटरी बदला." मी म्हटलं, "आधी चार्जिंग मोज." इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. आकडा हललाच नाही. प्लग सैल होता!

मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. आमच्या बचत गटानं एक घेतलाय. गाडी कोणाचीही अडो, आधी तो मागायला येतात. मागच्या महिन्यात शेजारच्या आजीसुद्धा आल्या, नातवाच्या गाडीसाठी. म्हणाल्या, "दिवा लागतोय गं, पण तू म्हणतेस म्हणून मोजते."