आजीच्या घरचं मूल आणि शाळा



भात झोडून झालं, दिवाळी सरली की आपल्या डहाणू-तलासरीतले पाडे अर्धे रिकामे होतात. कोणी भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातं, कोणी गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी. बोटीवाले तर ऑगस्टमध्येच निघतात, पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली की लगेच. मुलाची शाळा बुडू नये म्हणून त्याला मागं ठेवतात. सांभाळते आजी, मामी, मावशी, नाहीतर थोरली बहीण. काही घरांत आई किंवा बाप वारलेला असतो. ती मुलंही अशीच नात्यातल्या कुणाच्या तरी चुलीपाशी वाढतात.

आमच्या एका गटातली आजी मुलीची दोन लेकरं सांभाळते. मुलगी वारली, जावई बोटीवर. मोठा नातू दुसरीतला, आधी बापाच्या गावच्या शाळेत होता. आजी त्याला घेऊन जवळच्या शाळेत गेली. तिथं सांगितलं, बापाला आणा, जुन्या शाळेचा दाखला आणा, मग बघू. बाप समुद्रात, फोन लागेना. पोरगा दोन महिने शेळ्यांमागं फिरला. आजी दर बैठकीला यायची, बचत ठेवायची आणि गप्प निघून जायची. तिला वाटायचं, आपण आई नाही, बाप नाही, आपण काय बोलणार? आम्ही हजेरी घेत होतो, हप्ते मोजत होतो, पण घरी काय चाललंय ते एकदाही विचारलं नाही. ही चूक आमचीच.

खरं तर कायदा आजीच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. ज्या व्यक्तीकडं मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे, तिला हा कायदा पालक मानतो. आपल्या भाषेतही पाळतो तो पालक, नाही का? जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मधे आलं तरी घ्यावं लागतं. आम्ही चौघी आजीबरोबर गेलो, हेच साध्या अर्जात लिहून दिलं. आजीनं खाली अंगठा केला. पोरगा त्याच दिवशी वर्गात बसला. गुरुजी वाईट नव्हते, त्यांच्यासमोर हे कोणी मांडलंच नव्हतं.

म्हणून गुरुजी-मॅडम, ऐकत असाल तर दोन गोष्टी तुमच्यासाठी. अभ्यास फोनवरच्या ग्रुपवर येतो, पण तो फोन बापाबरोबर बोटीवर असतो. आजीला वाचता येत नाही, तेव्हा वही कोरी आली म्हणजे घरात लक्ष नाही असं समजू नका. भर वर्गात ‘तुझी आई कुठं आहे?’ असं विचारलं की मूल मान खाली घालतं, दुसऱ्या दिवशी येतच नाही. एक मॅडम विचारतात, ‘घरी तुझं कोण बघतं?’ आणि ते नाव हजेरीच्या वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवतात. आम्हाला ते फार आवडलं. होळी जवळ आली की ही मुलं रस्त्याकडं बघत बसतात, तेव्हा अभ्यासावरून ओरडू नका.

आशाताई आणि अंगणवाडीताईंनाही हेच सांगणं. लसीचं कार्ड आईच्या पिशवीत भट्टीवर गेलेलं असतं, आजीला कुठली लस राहिली ते माहीत नसतं. दुसऱ्या गावातून आलेल्या लहान मुलाचं नाव अंगणवाडीत लगेच घालून घ्या.

आता पैशाचं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २०२३ पासून एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये ठरले आहेत. आईबाप दोघं किंवा एक गमावलेल्या मुलाला नातेवाईक सांभाळत असतील तर अर्ज करावा. आईबाप नुसते कामाला बाहेरगावी गेलेत, एवढ्यावर ही योजना मिळत नाही, उगाच आशा लावू नका. अर्ज पालघरच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जातो, निर्णय बाल कल्याण समिती देते. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँक पासबुक हे सगळं जमतं. गाडी अडते ती मृत्यूच्या दाखल्यापाशी. माणूस घरीच गेला, नोंद कोणी केली नाही. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही हे खरं, पण २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, मग आजी तालुक्याला खेटे घालत बसते.

आमच्या गटांनी यंदापासून एक केलंय. कामाला निघण्याआधी आईबाप एका कागदावर लिहून देतात: मुलाचं नाव, इयत्ता, कोण सांभाळणार, फोन कुणाला करायचा. सोबत आधार, जातीचा दाखला, लसीचं कार्ड यांच्या झेरॉक्स. एक प्रत शाळेत, एक आशाताईकडं, एक आजीच्या पेटीत. या कागदानं आजी कोर्टाची पालक होत नाही, जमिनीचा किंवा बँकेचा व्यवहार त्यावर चालणार नाही. पण शाळेच्या दारात तिला उभं राहायला आधार मिळतो.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, निम्म्या सभासद बाया हव्यात. तिथं आजीही बसू शकते. आमची ती आजी परवा पालकसभेला गेली आणि एवढंच म्हणाली, सभा चारनंतर ठेवा, तोवर आम्ही चिकूच्या वाडीत मजुरीला असतो. गुरुजींनी पुढची सभा साडेचारला लावली आहे.