मातीचा खारेपणा : भौतिक कीं रासायनिक?

पनवेलजवळील जासईसारख्या खाडीकांठच्या गांवीं जमीन ‘खारी’ म्हणतात, पण खारेपणा दोन जातींचा असतो.

मीठ पाण्यांत विरघळतें व पाणी आटतांच पुनः मीठच उरतें. पदार्थ पालटत नाहीं. हा भौतिक गुण. म्हणून बांध शाबूत व उघाडी चालती असल्यास पावसाळा तें मीठ फुकट धुऊन नेतो.

परंतु सोडियम मातीच्या कणांस जडला म्हणजे नुसत्या पाण्यानें सुटत नाहीं. माती ओलेपणीं चिकट, वाळल्यावर दगडासारखी होते. सामू बहुधा ८.५ वर जातो. तेथें जिप्सम घालावें. त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मग सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. हें रासायनिक कार्य.

नुसता पांढरा थर पाहून जिप्समच्या गोणी आणणें आम्हांस पसंत नाहीं. आधीं मातीची परीक्षा करवावी.