खुंट्याला बांधलेले चुंबक

वडगावच्या जनावरांच्या बाजारात खुंट्याला बांधलेला बैल थोडा फिरतो, पण दाव्याच्या ओढीने जागेवर येतो. चुंबकीय पातळ थरांतल्या अशाच बांधणीला ‘एक्स्चेंज बायस’ म्हणतात.

काय घडते? लोहचुंबकीय थराला प्रतिलोहचुंबकीय थर चिकटलेला असतो. या दुसऱ्या थरातले शेजारशेजारचे अणुचुंबक उलटसुलट दिशांना असल्याने बाहेरच्या चुंबकाला तो सहसा दाद देत नाही, तोच खुंटा. चुंबकीय क्षेत्रात ही जोडी थंड केली की पहिल्या थराची दिशा बांधली जाते आणि त्याचा हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र बदलताना चुंबकत्व कसे बदलते, याचा आलेख) एका बाजूला सरकतो.

शोध : १९५६, अमेरिका. माइकलजॉन आणि बीन यांना ऑक्साइडचे कवच असलेल्या कोबाल्टच्या कणांत हा परिणाम दिसला.

उपयोग : १९९७ पासून हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षात. एक लोहचुंबकीय थर असा बांधलेला, दुसरा मोकळा; डिस्कवरच्या चुंबकीय क्षेत्राने मोकळ्याची दिशा बदलते. दिशा जुळल्या की विद्युतरोध कमी, विरुद्ध असल्या की जास्त; त्यावरून माहिती वाचली जाते.

महाराष्ट्रात : मुंबईत तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर ध्रुवित न्यूट्रॉनांच्या परावर्तनातून असे थर अभ्यासले गेले आहेत. डोळ्यांना कधीच न दिसणारी ही गाठ त्यातून खोलीनुसार उलगडते.