चाकांवरचं घर, खडबडीत वाट

मुलांनो, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तुम्ही वाक्यात उपयोग करण्यासाठी कितीदा तरी वापरली असेल. पण खरोखरच आपलं बिऱ्हाड मोटारीच्या मागे जोडून महिनोन् महिने फिरणारी कुटुंबं या जगात आहेत, बरं का! झोपायचे पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सगळं चाकांवर. मोटारीने ओढायच्या या घराला म्हणतात कॅरव्हॅन. शब्द आला फारसीतल्या 'कारवाँ'वरून. कारवाँ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्यांचा तांडा.

केवळ हौसेच्या प्रवासासाठी मुद्दाम बनवून घेतलेली पहिली कॅरव्हॅन कोणाची, ठाऊक आहे? मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या एका लेखकाची! डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. १८८५ साली त्यांनी 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' नावाचं चाकांवरचं घर बांधून घेतलं. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. त्यातून ते इंग्लंडहून थेट स्कॉटलंडपर्यंत गेले आणि आपल्या १३०० मैलांच्या भटकंतीवर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

आज घोड्यांची जागा मोटारीने घेतली आहे. पण रस्ता? तो सगळीकडे गुळगुळीत थोडाच असतो! ऑस्ट्रेलियाचंच पाहा ना. हा देश भारताच्या दुपटीहून मोठा, पण आतला बराचसा भाग कोरडा आणि निर्मनुष्य. पश्चिम ऑस्ट्रेलियात किंबर्ली नावाचा भाग आहे. तिथे 'गिब रिव्हर रोड' नावाचा सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता १९६० च्या दशकात बांधला गेला, तो गुरं बंदरापर्यंत नेण्यासाठी. आजही त्याचा मोठा भाग माती-खडीचाच आहे. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की तो बंद होतो. वाटेत पेंटेकॉस्ट नदीच्या पात्रातून गाडी घालावी लागते, आणि त्या पाण्यात मोठमोठ्या मगरी असतात! अशा ठिकाणी कॅरव्हॅनचं चाक निखळलं, तर मदत यायला तासच काय, दिवसही लागू शकतो. म्हणून तिथल्या लोकांना कॅरव्हॅन फार विचार करून निवडावी लागते.

रस्त्यावरचा धुण्याचा दगड

कच्च्या रस्त्याचा खरा शत्रू खड्डा नव्हे. खड्डा दुरून दिसतो, गाडी हळू करता येते. खरा त्रास देतात त्या रस्त्यावर आडव्या उमटलेल्या बारीक लाटा. पत्र्याच्या छपराला जशा नाळी असतात ना, अगदी तशा. या लाटा होतात कशा? शास्त्रज्ञांनी वाळू पसरलेलं गोल टेबल फिरवून त्यावर एक चाक ठेवून पाहिलं. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. चाक अगदी हळू असेल, तर वाळू सपाट राहते. ठरावीक वेगापुढे मात्र चाक किंचित उडू लागतं, उडून खाली आपटतं, वाळू पुढे ढकलतं, आणि एकामागून एक लाटा तयार होतात. आहे की नाही गंमत? म्हणजे रस्ता गाडीला हादरे देतो, पण तो रस्ता तसा बनवलेला असतो गाड्यांनीच!

असे हादरे दिवसभर बसले की स्क्रू ढिले होतात, कपाटाची दारं उघडतात, नळीचे जोड गळू लागतात. जे घर डांबरी रस्त्यावर दहा वर्षं सुखाने टिकेल, त्याचे इथे थोड्याच दिवसांत हाल होतात.

आधी खाली वाकून बघा

कॅरव्हॅन विकत घ्यायला गेलं की माणसं आत शिरतात. गादी मऊ आहे का, फ्रिज केवढा आहे, पडदे कसे आहेत! जाणकार माणूस मात्र आधी खाली वाकून बघतो.

पहिली गोष्ट सांगाडा, म्हणजे चॅसी. ती दणकट हवी आणि गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा हवा. दुसरी गोष्ट स्प्रिंगा. ट्रकखाली एकावर एक रचलेले पोलादी पाटे तुम्ही पाहिले असतील. साध्या कॅरव्हॅनला असेच पाटे आणि एकच सलग आख असतो. त्यामुळे एक चाक उचललं गेलं की दुसऱ्यालाही झोल बसतो. खडबडीत वाटेच्या कॅरव्हॅनमध्ये बहुधा प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असतात. हे शॉक ॲब्सॉर्बर सतत हादरे खाऊन इतके तापतात, की अधूनमधून थांबून त्यांना गार होऊ द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट जोड. साध्या कॅरव्हॅनचा जोड मोटारीच्या मागच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतो. पण खाचखळग्यांत मोटार एकीकडे आणि कॅरव्हॅन दुसरीकडे कलली, तर तो अडकतो. म्हणून अशा रस्त्यांसाठी सगळ्या बाजूंना वळणारा जोड वापरतात. चौथी गोष्ट चाकं. मोटारीची आणि कॅरव्हॅनची चाकं एकाच मापाची असली, तर एकाचं जादा चाक दुसऱ्याला चालतं.

शिवाय पाण्याच्या टाक्यांना आणि नळ्यांना खालून उडणाऱ्या दगडांपासून आडोसा हवा. आणि धूळ? ती तर केसाएवढ्या फटीतूनही शिरते. त्यावर एक साधी युक्ती आहे. छपरावरच्या जाळीतून गाळलेली हवा आत ढकलायची. मग आतला दाब थोडा वाढतो आणि फटींतून हवा बाहेर जात राहते. बाहेर जाणाऱ्या हवेविरुद्ध धूळ आत कशी येणार?

गणित आलं की सगळं आलं

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन २१०० किलो आहे आणि सामानासकट कमाल मर्यादा आहे २६०० किलो. म्हणजे सामानासाठी उरले ५०० किलो. खूप वाटतात ना? पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मी वर्गात नेहमी सांगते. टाक्यांत १९० लिटर पाणी भरलं, की उरले ३१० किलो. गॅसच्या टाक्या, जादा बॅटरी, छत्रीवजा मांडव आणि अवजारं यांचे धरा ११० किलो. उरले २००. घरात चौघं असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलो. त्यातच कपडे, धान्य, भांडी, खुर्च्या, पुस्तकं आणि सायकलसुद्धा!

वजन किती, याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. आपले शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. बैलगाडीत पुढे फार माल भरला, की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे फार भरला, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. कॅरव्हॅनचंही अगदी तसंच. ऑस्ट्रेलियात साधारण नियम असा, की एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग मोटारीच्या जोडावर यावा. म्हणजे २६०० किलोला २६० किलो. मागे भार जास्त झाला, तर वेगात कॅरव्हॅन शेपटासारखी डावी-उजवीकडे झुलू लागते आणि मोटारीलाही उलटवू शकते. म्हणून जड वस्तू खाली, चाकांजवळ ठेवायच्या. तिथल्या कायद्याप्रमाणे दोन टनांवरच्या कॅरव्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक लागतात, आणि जोड तुटला तर ते आपोआप लागतील अशी सोयही लागते.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. उद्या कोणाला हौस वाटली, तर आधी एक प्रश्न विचारावा : वर्षातले किती दिवस आपण खरोखर फिरणार? आठ-दहा दिवसच असतील, तर भाड्याने घेणं बरं. विकत घेणाऱ्यानेही आधी भाड्याने घेऊन चार रात्री काढून पाहाव्यात. जुनी घेताना कोपऱ्यांत ओल आहे का, खाली गंज किंवा तडे आहेत का, हे बघावं. आणि सगळ्यात मोठी कॅरव्हॅन म्हणजे सगळ्यात चांगली, असं मुळीच नाही. आपली मोटार जेवढी सुखाने ओढू शकेल आणि थांबवू शकेल, तेवढीच आपली.

आणि मुलांनो, तुमच्या मनातला प्रश्न मी ओळखला. इतकं फिरल्यावर शाळेचं काय? त्यातून सुटका नाही! ऑस्ट्रेलियात १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज इथे रेडिओवरून भरणारी 'हवेतली शाळा' सुरू झाली, दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी. आता ती इंटरनेटवरून भरते. फिरतीवरच्या कुटुंबांतली मुलंही दूरशिक्षणाच्या शाळांत नाव घालून चाकांवरच्या टेबलावर गृहपाठ करतात.

तेव्हा आजचा तुमचा गृहपाठ हा : तुमच्या वाट्याला ५० किलो आले आहेत. काय काय न्याल? घरातल्या वस्तू वजनकाट्यावर ठेवून यादी करा. काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं, तेच ठरवणं अवघड असतं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.